बाळ हाललं नाही ती दुपार
वाळत घातलेल्या मोहफुलांचा गोडसर, आंबूस वास आला की मला पोंभुर्ण्यातली ती दुपार आठवते. मला सहावा महिना सरत आला होता. पाय सुजलेले, छातीत जळजळ, आणि एरवी सारखं लाथा मारणारं बाळ सकाळपासून हाललंच नव्हतं. अंगणात फुलं पसरवणाऱ्या सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "झोपलं असंन." शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या चाची माझं पोट न्याहाळत म्हणाल्या, "लडकाच हाय पाहा." मग दोघींचा मुलगा की मुलगी यावरच वाद रंगला. शेवटी मी ओरडलेच, "काही का असंना, पन ते हालून काऊन नाई राह्यलं?" चाचींनी धावत जाऊन ऑटो आणला. दवाखान्यात नर्सबाईंनी पोटावर मशीन टेकवलं, बाळाचे ठोके धडधड ऐकू आले आणि मला रडूच फुटलं. "असं वाटलं तं लगेच यायचं, वाट नाई पाहायची," नर्सबाई म्हणाल्या. त्यावर सासूबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "मी तं सकाळपासून हेच म्हनून राह्यली होती!" आज लेक शाळेत जाते, तरी येणाऱ्या-जाणाऱ्याला सासूबाई ही गोष्ट अजून तशीच सांगतात, आणि मी दर वेळी मुकाट्याने उठून आत जाते.