दिनानाथकाका गप्प झाले तेव्हा

आमच्या खारघरच्या सोसायटीत समूहगानाचा वर्ग निघाला, तेव्हा पहिलं नाव दिलं दिनानाथकाकांनी. तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर म्हणून जन्म काढलेला माणूस. नुकतेच रिटायर होऊन दिवसभर घरात जयमालाकाकूंच्या पायांत पायांत करत होते. काकूंनी देवापुढे साखर ठेवली.

शिकवायला वैदेही. वयाने आमच्या लेकीसारखी, पण शिस्त मास्तरीणबाईंची. सुरुवातीला तिने गाऊच दिलं नाही. पोटावर हात ठेवा, खांदे उचलू नका, पोट फुगू द्या आणि दातांतून 'सऽऽ' करत श्वास सावकाश सोडा. क्लबहाउसात डझनभर कुकर एकदम लागल्यासारखं वाटायचं.

गाणं बसायला लागलं आणि काकांची पंचाईत झाली. शेवटची ओळ लांबलचक, एका दमात कुणालाच न पेलणारी. वैदेही म्हणाली, "आळीपाळीने श्वास घ्या. शेजारचा गात असताना हळूच थांबा, भरून घ्या, परत मिसळा. ऐकणाऱ्याला ओळ सलग वाटली पाहिजे." आम्हाला जमलं. काका मात्र थांबेनात. लालबुंद व्हायचे, मानेच्या शिरा तटतटायच्या आणि ओळीच्या ऐन टोकाला अशी काही हवा ओढायचे की सगळ्यांचा सूर ढासळायचा.

वर्गाचा पहिला कार्यक्रम तोंडावर आला. वैदेही संकोचत म्हणाली, "काका, त्या ओळीला तुम्ही नुसते ओठ हलवाल का?"

काकांचा चेहरा पडला. "मग उभा कशाला राहू? खाली बसून टाळ्या वाजवतो ना." मला फार वाईट वाटलं.

त्यांच्या शेजारी उभे राहणारे श्यामसुंदर त्यांना कोपऱ्यात घेऊन गेले. पाणी प्यायच्या निमित्ताने मीही कान लावला.

"अरे दिनू, थांबायला काय होतं तुला?"

"आमच्या प्लांटला रूल होता. पुढच्या शिफ्टचा रिलीव्हर समोर येऊन उभा राहिल्याशिवाय कंट्रोल पॅनल सोडायचा नाय. काय पण होवो. सवय लागलीय रे. मधेच गप्प झालो की धस्स होतं."

श्यामसुंदर हसले नाहीत. "मग मी तुझा रिलीव्हर. माझं कोपर लागलं की तू सुटलास. तुझं लागलं की मी."

त्यानंतर दोघे रोज संध्याकाळी बागेतल्या बाकावर गात, एकमेकांना कोपरं मारत बसायचे. येणाऱ्याजाणाऱ्याला भांडण वाटायचं.

कार्यक्रमात मी त्यांच्या मागेच होते. ती ओळ आली. श्यामसुंदरांचं कोपर लागलं आणि काका थांबले. खांदा न हलवता श्वास भरून घेतला. पण लगेच परत मिसळले नाहीत. मान तिरपी करून, आपल्याशिवाय चाललेलं गाणं क्षणभर ऐकत राहिले. मग मिसळले आणि श्यामसुंदरांना मोकळं केलं. ओळ शेवटपर्यंत अखंड गेली. वैदेहीचा चेहरा फुलला.

स्टेजवरून उतरून काका थेट काकूंकडे. "अगं, मी मधे गप्प होतो. कळलं तुला?"

"नाय बा."

"अगदी गप्प. तरी गाणं बंद नाय पडलं!" खुशीत होते, पण जरासे हिरमुसलेलेही.

"त्यात काय नवल? तुमी जन्मभर शिफ्टला, म्हणून घर बंद पडलं काय?"

काका हसायला गेले आणि मधेच थबकले. "आणि तू? तू कधी थांबलीस गं?"

"चला, जेवणं थांबलीत," म्हणत काकूंनी पदर सावरला.

काका जागचे हलले नाहीत. "उद्यापासून सकाळचं मी बघतो. तू झोप."

"चहात साखर किती घालायची, ठाऊक आहे का?" काकू हसून म्हणाल्या. पण त्यांचे डोळे भरून आले होते.