छत्तीस आठवड्यांचा पोर्शन

“सुंदर आहे,” डोना म्हणाली. “पण यात मुलं लिहिणार कधी?”

तिच्या टेबलावर माझा वर्षाचा प्लॅन पसरला होता. अकरावीला अमेरिकन साहित्य आणि लेखन शिकवायचं, त्याचे छत्तीस आठवडे. छत्तीस चौकोन, एकही रिकामा नाही. वसाहतींच्या काळातल्या पत्रांपासून काल-परवाच्या कवितांपर्यंत सगळी अमेरिका मी त्यात कोंबली होती. प्रत्येक चौकोनात पुस्तक, पानं, प्रश्न, गृहपाठ. मला वाटलं होतं, ती उठून मिठीच मारेल.

“दर शुक्रवारी लिहिणार ना,” मी म्हटलं. “चाळीस मिनिटं.”

“चाळीस मिनिटांत तू काय लिहितेस?”

मस्टरवर सही, असं ओठांवर आलं होतं. गिळलं.

“बस ना, मेधा,” ती म्हणाली. मी उभीच राहिले. बॉसच्या खोलीतली खुर्ची आपल्यासाठी नसते, हे माझ्या अंगात मुरलेलं आहे. तिला ‘डोना’ म्हणायलाच मला दोन वर्षं लागली. आधी मी ‘मॅडम’ म्हणायचे आणि ती मागे वळून बघायची, ही कोणाला हाक मारतेय म्हणून.

आमची शाळा सिंगापूरमधली एक इंटरनॅशनल स्कूल, अभ्यासक्रम अमेरिकन. मी तिथे सहा वर्षं असिस्टंट होते. म्हणजे दुसऱ्याच्या वर्गात मागे बसायचं आणि ज्यांना इंग्रजी जड जातं त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून हळू आवाजात समजावायचं. त्याआधी पुण्यात अकरा वर्षं ज्युनियर कॉलेजवर इंग्रजी शिकवलं होतं, पण ते इथे कोणी विचारत नाही. या वर्षी एक शिक्षक मायदेशी परतले आणि इंग्रजी विभागाच्या प्रमुख म्हणून डोनाने भांडून तो वर्ग मला मिळवून दिला. पहिली टर्म ट्रायल, निकाल डिसेंबरमध्ये. तिने काही लपवलं नव्हतं. “अमेरिकन साहित्य पुण्याची बाई शिकवणार, यावर दोघा-तिघांनी नाकं मुरडली आहेत. पालकांची एक जरी मोठी तक्रार आली, तरी मला तुला वाचवता येणार नाही.”

वर्ग गेला असता, तर मी पुन्हा मागच्या खुर्चीत. मला तो वर्ग हवा होता. इतकं काही हवंसं वाटण्याचं माझं वय उरलं नाही, असं मी धरून चालले होते, ते चूक निघालं.

“सात आठवडे मोकळे कर,” डोना म्हणाली. “पूर्ण मोकळे. सोमवारी बघते.”

आता मराठी वाचकाला पोर्शन म्हणजे काय ते सांगायला नको. पुण्यात अकरा वर्षांत माझा पोर्शन एकदाही राहिला नाही. जानेवारीत संपवून दोनदा रिव्हिजन घेणारी स्टाफरूममध्ये मी एकटीच. अशा बाईला सात आठवडे मोकळे सोडायला सांगितल्यावर तिने काय करावं?

मी अ‍ॅडजस्ट केलं. दोन आठवड्यांचं एकात बसवलं. दोन कथांची एक ‘तुलना’ केली. कविता गृहपाठात ढकलल्या. अक्षरांचा साइझ बारावरून आठवर आणला. सात चौकोन रिकामे झाले आणि निघालं काहीच नाही. मी स्वतःवर खूश होते.

सोमवारी डोनाने चष्मा कपाळावर चढवला, कागद नाकाजवळ धरला, आणि हसत सुटली.

“मेधा, तू बसमधून कोणाला उतरवलंच नाहीस! फक्त सरकून बसायला सांगितलंस.”

मीही हसले, पण कान गरम झाले होते. तिने कागद परत दिला. “मुलं कधी लिहितात माहीत आहे? कंटाळली की. तुझ्या वर्षात कंटाळायला जागाच नाही.”

त्या दिवशी शाळेतून आल्याआल्या मी टॅम्पिनीसच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर कात्री घेऊन बसले. चौकोन कापून वेगळे केले. नवरा, सुहास, पलीकडे भेंडी चिरत होता.

“काढ ना कुठलेही सात,” तो म्हणाला. “कोणाला कळणार आहे?”

“मला कळेल.”

वसाहतींची पत्रं गेली. दोन निबंध गेले. एक नाटक गेलं. शेवटी उरली माझी लाडकी सहाशे पानांची कादंबरी. एम.फिल. मी तिच्यावर केलं होतं. तिनेच तीन आठवडे अडवले होते. तिचे चौकोन बाजूला काढताना मला चक्क रडू आलं. सुहासने भेंडी तशीच ठेवून आधी चहा टाकला.

सात रिकामे चौकोन मात्र बघवेनात. मग मी प्रत्येकात पेनने लिहिलं: ‘ऑफ पिरियड’.

डोनाने विचारलं, हा काय प्रकार? मी सांगितलं की माझ्या लहानपणी शाळेत एखाद्या दिवशी बाई आल्या नाहीत की तो तास मोकळा मिळायचा. त्याच्याइतका आनंद पहिल्या नंबराचाही नसायचा. कोणी न सांगता मी लिहिलेलं आयुष्यातलं पहिलं पान ऑफ पिरियडमधलं आहे. मैत्रिणीशी कट्टी झाली होती, तिला तीन पानी चिठ्ठी लिहिली. मार्क कोणी दिले नाहीत, पण कट्टी सुटली.

डोनाने प्लॅनवर सही केली. “हा शब्द मी चोरणार,” ती म्हणाली.

पहिला ऑफ पिरियड, म्हणजे पहिला अख्खा मोकळा आठवडा, सप्टेंबरमध्ये आला. त्याआधी आम्ही एक कथा वाचली होती. तिच्यातला बाप घरात एक बोलतो आणि मालकासमोर वेगळंच. मी फळ्यावर एक ओळ लिहिली: तुमच्या घरातला एक आवाज लिहा. मार्क नाहीत.

तीन दिवस कोणीही काहीही लिहिलं नाही. मुलं खिडकीबाहेर बघत बसली. माझी जीभ नुसती वळवळत होती. तीन दिवसांत मी तीन कविता उरकल्या असत्या! चौथ्या दिवशी इराने पेन उचललं.

इरा आपली मराठी मुलगी, इथल्याच क्वीन्सटाउन भागात राहते. वर्गात तिचा एकच प्रश्न असायचा, “मॅम, विल धिस कम?” म्हणजे, परीक्षेला येणार का? त्या दिवशी तिने तो विचारला नाही. घंटा झाली तरी लिहीत होती.

तिने लिहिलं होतं की तिचे बाबा रोज सकाळी सातला न्यूयॉर्कच्या ऑफिसशी बोलतात. तेव्हा ते उभे असतात. नाइट पँटवर इस्त्रीचा शर्ट घालतात. न कळलेल्या विनोदालाही मोठ्याने हसतात. मग साताऱ्याहून आजीचा फोन येतो. तो घेताना ते डायनिंगच्या खुर्चीवर मांडी घालून बसतात आणि त्यांचा आवाज खाली येतो, पोटातून यायला लागतो. शेवटची ओळ अशी होती: मला वाटतं बाबांनी माझ्याशीही मांडी घालून बोलावं, पण ते माझ्याशी इंग्रजीत बोलतात, आणि उभ्याने.

वर्ग रिकामा झाला तरी मी ते पान हातात घेऊन बसून राहिले होते. मला त्या मुलीचा इतका अभिमान वाटला की पुढच्या तासाला दहा मिनिटं उशीर झाला.

पुढच्याच आठवड्यात मेल आला. इराच्या वडिलांचा, प्रिन्सिपलना कॉपी. सिलॅबसची गती चिंताजनक आहे, पूर्ण आठवडा वाया गेला आहे, भेट हवी आहे. डोना स्वतः माझ्या वर्गाच्या दारात आली. “मी भेटीला बसते,” एवढंच म्हणाली. तिचा चेहरा बघून मी काय ते ओळखलं.

मिस्टर गायकवाड रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत आयटी मॅनेजर. लॅपटॉपची बॅग मांडीवर, शेजारी इरा. पालकभेटीला आमच्याकडे मुलांनीही बसायचं असतं. सुरुवात त्यांनी डोनाकडे बघत केली, खणखणीत अमेरिकन वळणाच्या इंग्रजीत. पाच मिनिटांनी माझ्याकडे वळले आणि मराठीवर आले.

“मॅडम, स्पष्टच विचारतो, राग मानू नका. पोर्शन कुठवर आलाय?”

“राहिलाय,” मी म्हटलं. “आणि थोडा राहणारच आहे.” असं वाक्य आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडून निघालं.

“मग त्या आठवड्यात झालं काय?”

मी इराकडे बघितलं. ते पान तिचं होतं, दाखवायचं की नाही हे मी ठरवणार नव्हते. तिने फाइल उघडली आणि पान त्यांच्यासमोर सरकवलं.

त्यांनी ते वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. डोनाला मराठी येत नाही, ती आळीपाळीने आमचे चेहरे वाचत होती.

“मी उभा राहतो?” ते म्हणाले.

“एव्हरी मॉर्निंग लाह, बाबा,” इरा खास सिंगापुरी ढंगात म्हणाली.

“मला माहीतच नव्हतं गं.” हे त्यांनी मराठीत म्हटलं आणि त्यांचा आवाज खाली आला, तिने लिहिला होता अगदी तसा. इराने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं.

मग ते माझ्याकडे वळले. “मॅडम, याला मार्क किती?”

“ऑफ पिरियडला मार्क नसतात.”

“मग हे मी ठेवून घेऊ?” ते त्यांनी मला नाही, इराला विचारलं. तिने मान हलवली. त्यांनी पान न दुमडता बॅगेत लॅपटॉपजवळ ठेवलं.

डिसेंबरमध्ये डोनाने बोलावलं. प्रिन्सिपलच्या फायलीत पालकांचा एकच नवा मेल होता, गायकवाडांचा दुसरा. दुसऱ्या टर्ममधले ऑफ पिरियड कोणत्या तारखांना आहेत, अशी त्यात चौकशी होती. वर्ग माझ्याकडे राहिला.

नवीन शिक्षकांना मी आता एवढंच सांगते: वर्ष छत्तीस आठवड्यांचं नसतं, एकोणतिसाचं असतं. माझी कादंबरी मात्र राहिली ती राहिलीच. अजून हळहळ वाटते.

त्या दिवशी डोनाने ही बातमी दिली आणि सवयीने म्हणाली, “बस ना, मेधा.”

“बसलेच आहे,” मी म्हटलं.

तिने टेबलावरून वाकून बघितलं. मी खुर्चीवर मांडी घालून बसले होते.