क्लीनरला लावलेलं ऑइल

आमच्या वडीगोद्रीत हायवेच्या कडेला उषाबाईंचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे पत्र्याचं शेड, दोन बाकडी आणि उषाबाईंचं तोंड. ट्रकवाला असो की फौजदार, चहा घेऊन जास्त वेळ बसला की त्या विचारतात, "पिऊन राह्यले का शेकून राह्यले?" शेजारीच माझं मोबाईलचं दुकान असल्यामुळं मला हे रोज फुकटात ऐकायला मिळतं.

ह्या तोंडाला न घाबरणारा गावात एकच जीव, त्यांचा कुत्रा. एका ट्रकमधून उतरला आणि ट्रक निघून गेला, म्हणून नाव पडलं क्लीनर. नावाला जागणारा. ताट असो, कढई असो की स्वतःचं अंग, चाटून लख्ख.

ह्या उन्हाळ्यात क्लीनरला खाज सुटली. बाकड्याला घासून घासून पाठीचे केस गेले. कुत्र्याला खाज म्हटलं की आमच्या हायवेवर डॉक्टर एकच, ट्रॅक्टर-मिस्त्री सर्जेराव. औषधही एकच, इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल. उषाबाई बाजारात गेल्त्या तेवढ्यात सर्जेरावांनी ब्रश घेऊन क्लीनरला मानेपासून शेपटीपर्यंत रंगवून काढलं.

उषाबाई परतल्या तेव्हा क्लीनर आपलं काम करत होता. चाटत होता.

संध्याकाळी तो ओकला. सकाळी उठेना. उषाबाईंनी दुधात भिजवलेली पोळी नाकाशी धरली, तर तोंड फिरवलं.

"उष्णता झाली असंल, वहिनी," सर्जेराव म्हणाले. "घासलेटनं पुसून घ्या, बराबर होईल."

"तुम्ही आता बिलकुल बोलू नका," उषाबाई म्हणाल्या आणि माझ्याकडं वळल्या. "सूरज, गाडी काढ."

क्लीनर पोत्यात, पोतं उषाबाईंच्या मांडीवर आणि त्या माझ्या गाडीवर. अंबडच्या जनावरांच्या दवाखान्यापर्यंत त्यांनी सर्जेरावांच्या पिढ्या मोजल्या. सगळ्या माझ्या कानात.

डॉक्टरीणबाईंनी क्लीनरचा ओठ वर केला. हिरड्या पांढऱ्याफटक. कान उलटा केला तर आत गोचिडं, एरंडीच्या बियांसारखी फुगलेली.

"खाज ह्यांची होती. ह्यांनीच ताप आणला, रक्त कमी केलं," त्या म्हणाल्या. "खाज पिसवांनी होते, खरजेनं होते, बुरशीनं होते. ऑइल ह्यातल्या कशाचंच औषध नाही. कातडीतून आत जातं आणि चाटलं की पोटात जातं."

"मंग घासलेट?" मी विचारलं.

"तुम्ही अंघोळीला घेता का?"

भांड्यांचा साबण आणि कोमट पाणी घेऊन आम्ही ऑइल धुवून काढलं. इंजेक्शन झालं, सलाईन लागलं. चाटू नये म्हणून गळ्याभोवती पुठ्ठा बांधला.

"जगंल ना, बाई?" उषाबाईंचा एवढा लहान आवाज मी आधी ऐकला नव्हता.

"खायला लागला तर जगेल."

परतल्यावर उषाबाईंनी क्लीनरला सावलीत निजवलं आणि सरळ सर्जेरावांच्या गॅरेजात गेल्या. ऑइलचा डबा उचलला, ब्रश बुडवला.

"भाऊ, कॉलर खाली करा."

"कशापाई?"

"तुमच्या मानेवर नायटा हाय न."

"त्याला जालन्याच्या डॉक्टरची ट्यूब चालू हाय," सर्जेराव हसत म्हणाले.

"इथं एवढं औषध सांडून राह्यलं अन् तुम्ही ट्यूब लावून राह्यले? बसा खाली."

त्या हसत नव्हत्या. ब्रशवरून एक थेंब सर्जेरावांच्या पांढऱ्या शर्टावर पडला.

"वहिनी, आग होती ह्यानं."

"होती न? तुम्हाला तोंड हाय, तुम्ही सांगितलं. त्यानं कोणाला सांगायचं होतं?"

डबा तिथंच आपटून त्या निघून आल्या.

दोन दिवस क्लीनर नुसता पाणी पीत पडला. मंग एका सकाळी कढईवर काहीतरी ठकठक वाजू लागलं. पुठ्ठ्यासकट तोंड आत घालून क्लीनर कामावर रुजू झाला होता. उषाबाईंनी त्याला शिव्या घातल्या आणि पदरानं डोळे पुसले. धूर गेल्ता म्हणे.

क्लीनर आता पुन्हा सर्जेरावांच्या पायाशी जाऊन झोपतो. उषाबाई रोज त्याचे कान उलटून बघतात. सर्जेराव चहाला मात्र अजून हायवे ओलांडून पलीकडच्या टपरीवर जातात.