पाटलांच्या फोटोतला डावा कोपरा

आमच्या भोरात कोणाच्या अंगात आलं, की मंडळी मला बोलवायचं टाळतात. मी आधी विचारतो, देव जेवून आलाय की त्याचंही पान वाढायचंय? भुतांचं तर मला कौतुकच नाही. भुताचे फोटो मी स्वतः काढलेले आहेत. तेव्हा फोटो काचेवर उतरायचा; एकाच काचेवर दोनदा उजेड घ्यायचा, दुसऱ्या वेळी मित्राला धोतर पांघरून उभं करायचं... झालं भूत! त्यातलं एक भूत आजही आमच्या पेठेत गूळ विकतं.

तेव्हा या सदरातल्या पिंपळावरच्या बायका आणि उलट्या पावलांचे वाटसरू मी आजवर चहाबरोबर वाचत आलो. आज स्वतः लिहायला बसलो आहे, आणि चहा गार झाला आहे. गावाचं नाव देत नाही. त्या घरात अजून माणसं नांदतात.

संस्थान होतं तेव्हाची गोष्ट. भोरात नदीकडच्या गल्लीत माझा लहानसा स्टुडिओ होता. ज्याला कचेरीत बढती मिळे, तो आधी कोट शिवी आणि मग माझ्याकडे येई. त्या वर्षी वेल्ह्याकडच्या एका गावच्या पाटलांना दसऱ्याच्या दरबारात मानाचं पागोटं मिळालं. पागोटं तसं हलकंच असतं, पण ते डोक्यावर चढल्यापासून पाटलांची मान वळेनाशी झाली होती. कोणाकडे बघायचं असलं की ते अख्खे वळत. या पागोट्यासकट सगळ्या घराचा एक फोटो काढायचा, असं ठरलं. मी कापूरहोळपर्यंत सर्व्हिस मोटारीने आणि पुढे नसरापूरवरून पाटलांच्या बैलगाडीने, कॅमेऱ्याची पेटी मांडीवर घेऊन पोचलो.

फोटो अंगणात काढायचा होता. खुर्च्यांच्या दोन ओळी मांडा म्हटलं, तर मागच्या ओळीत बसायला कोणी तयार होईना. सोयरे म्हणाले, आम्ही मागं बसलो तर गावात तोंड दाखवायला जागा नाही. पाटलांचा धाकटा भाऊ शंकर म्हणाला, "दादाच्या पाठीमागं? म्या काय चवरी ढाळाया बसू व्हय?" शेवटी सगळ्यांचा मान राहावा म्हणून एकच ओळ झाली. ती अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. मला मागे सरकायला जागा नव्हती. पाठीशी गोठा होता, आणि म्हशीलाही तिचा मान होताच.

तेव्हा मी पेटीतून रुंद नजरेची लेन्स काढली. ही लेन्स जवळून पुष्कळ रुंदी पकडते, पण माझी होती जुनी आणि लहान काचेसाठी बनवलेली. चौकोनी पाटावर गोल ताट ठेवलं, की पाटाचे कोपरे उघडे राहतात ना? तसाच तिचा उजेड काचेच्या चारही कोपऱ्यांपर्यंत पोचत नसे. फोटोचे चारही कोपरे काळे यायचे. त्यात कोणी असलं तर ते गेलंच. हे मला पाठ होतं, म्हणून कोपऱ्यात मी कधी माणूस ठेवत नसे.

एवढ्यात पाटील अख्खे वळून माझ्याजवळ आले आणि मला गोठ्याच्या आडोशाला घेऊन गेले.

"मास्तर, एक नाजूक काम हाय. थोरली फोटोत नगं."

थोरली म्हणजे त्यांची पहिली बायको, चांगुणाबाई. मूल झालं नाही म्हणून पाटलांनी दुसरी केली होती. धाकटीला दोन मुलगे होते, तिचे वडील आज खुर्चीवर बसले होते, आणि त्यांना थोरलीचं तोंड बघवत नव्हतं. सकाळी पागोट्याला ओवाळलं मात्र थोरलीनेच. तो मान तिचाच होता.

"मग तिला सांगा ना, बसू नको म्हणून," मी म्हटलं.

"आसं कसं? चांगल्या दिवशी घरच्या बाईच्या डोळ्याला पानी न्हाई आलं पायजे. नगं बी म्हनायचं न्हाई, आन दिसाया बी नगं."

इथे मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. उलट मला आनंद झाला. एवढ्या अवघड प्रश्नाचं शास्त्रीय उत्तर माझ्या खिशात होतं! मी म्हटलं, "एवढंच ना? बसवा तिला. कुठे बसवायचं ते मी बघतो."

चांगुणाबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. चाळिशीच्या असतील. कपाळावर मोठं कुंकू, अंगावर धुऊन विटलेलं पण घडीचं लुगडं. मी त्यांना ओळीच्या डाव्या टोकाला, खुर्च्यांच्या पुढे, पार कडेला जमिनीवर बसवलं. वर घोंगडीसुद्धा अंथरून दिली.

"वहिनी, अशा बसा. हलू नका."

"दिसंन न्हवं मी?" त्यांनी हळू विचारलं. "माहेरची समदी पटकीत गेली. माझं लगीन बघितल्यालं ह्या घराभाईर कुनी उरलं न्हाई. पाटील हायती तवर भाकर हाय. फुडं कुनी इचारलं तर दावाया काय तरी पायजे."

"दिसाल की," मी म्हणालो.

काळ्या कापडाखाली डोकं घातलं. कॅमेऱ्याच्या काचेवर सगळं उलटं दिसतं. पाटील पागोट्यावर उभे होते, सोयरे छताला लटकले होते. आणि एका कोपऱ्यात काळोख होता. त्यात थोडंसं लुगडं, थोडासा गुडघा. चेहरा नाही. समोरच्या उजव्या कोपऱ्यात पाटलांचा कुत्रा येऊन बसला होता, तोही दिसत नव्हता. मी मनात म्हटलं, बरोबर आहे, आणि लेन्सचं झाकण काढलं.

प्रिंट तयार झाली, ती मीच चौकटीत बसवली. मागे कागद डकवून त्यावर माझा शिक्का मारला आणि पाटलांच्या घरी नेऊन दिली. चारही कोपरे कोळशासारखे होते. पाटील खूश! "झ्याक! मास्तर, तुमी वकील व्हायला पायजे हुतं." कुत्रा मात्र कुठे गेला म्हणून मुलं हिरमुसली. चांगुणाबाईंनी पदराने काच पुसली, वाकून बघितलं, काळ्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि मुलांना म्हणाल्या, "ह्यो कुत्रा तिकडं हाय, आन मी हितं हाय." मुलं हसली. मीही हसलो. पुढे त्या घरी दोन-तीनदा लग्नाचे फोटो काढायला गेलो, तेव्हा ती चौकट भिंतीवर होती, कोपरे काळेच होते, आणि डावीकडची काच पुसून पुसून जास्त चकचकीत झाली होती. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं आहे. जे पुढे सांगणार आहे, त्यासाठी हे लक्षात ठेवा.

काही वर्षांनी पाटील वारले. पागोटं पेटीत गेलं. महिना उलटला असेल-नसेल, शंकर माझ्या स्टुडिओत आला. म्हणाला, थोरलीला दादांनी कधीच काडीमोड दिला होता, नुसती दया म्हणून घरात कामाला ठेवली होती. आता ती घरधनीण म्हणून खोली आणि भाकरी मागते. गावचे पंच बसणार आहेत.

"तुमी फकस्त यवढंच सांगा, मास्तर. फोटू तुमीच काढला, आन त्यात समदं घर हाय."

मी हो म्हटलं नाही. नाही असंही म्हटलं नाही. पाटलांचीच रीत.

बैलगाडीत बसून मी वाटेत एक वाक्य तयार केलं. 'फोटोत जेवढं दिसतं तेवढंच मी सांगू शकतो.' वाक्य निर्दोष होतं, त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मी ते तोंडात घोळवत गेलो, आणि खरं सांगतो, मला ते आवडलं होतं. दुसरंही वाक्य होतं. 'ती तिथे बसली होती, मीच तिला काळोखात बसवलं.' पण ते बोलायचं म्हणजे मेलेल्या पाटलांची अब्रू, माझी अब्रू... पुढे त्या भागात मला कोणी फोटोला बोलावलं असतं का?

सकाळची वेळ होती. देवळाच्या मंडपात तिघे म्हातारे पंच बसले होते. त्यांच्यात तात्या म्हणून एक होते, त्यांचा शब्द शेवटचा. चांगुणाबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. कुंकू गेलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि ओळखीचं माणूस आल्यावर बघावं तसं बघितलं. मी चप्पल सरळ करत बसलो.

शंकरने धोतरात गुंडाळलेली चौकट आणली. गुंडाळी सोडली, आणि चौकट पंचांकडे तोंड करून छातीशी धरली.

"बगा. पागोट्याचा दिस. घरातलं झाडून समदं मानूस हाय ह्यात. सोयरं हायती. मंग थोरली कुठं हाय? काडीमोड झालता, म्हून तर न्हाई न्हवं!"

तात्या पुढे वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले.

"शंकऱ्या," ते म्हणाले, "मंग ही कोन बसलीया?"

"कोन?"

"आरं, ही. घोंगडीवर. कुकू बी दिसतंय की तिचं."

शंकरने चौकट स्वतःकडे फिरवली, आणि त्याचा चेहरा मी बघितला. तो माणूस सोंग करत नव्हता. मी उठून जवळ गेलो. वरचे दोन्ही कोपरे काळे होते. उजवीकडचा खालचा काळा होता, कुत्रा नव्हताच. डावीकडचा खालचा कोपरा मात्र उजळ होता, आणि त्यात चांगुणाबाई बसल्या होत्या. लुगड्याची घडी अन् घडी दिसत होती. मान जराशी वर, 'दिसंन न्हवं मी?' विचारताना होती तशी.

"ह्यानं! ह्या मास्तरनं दुसरा फोटू बशिवला!" शंकर ओरडला.

मी चौकट हातात घेतली. मागचा कागद तोच, धुराने पिवळा पडलेला, शिक्का माझा, कड कुठेही उचकटलेली नाही. कागदाच्या कोपऱ्यात कोळ्याचं जुनं घर होतं. तात्यांसमोर कागद फाडून प्रिंट बाहेर काढली. तीच. दुसऱ्या कुठल्या प्रिंटचं मी सांगू शकलो नसतो, पण हिच्या मागे फोटो धुवायच्या औषधाने उमटलेला माझ्या अंगठ्याचा डाग होता.

"मास्तर," तात्यांनी विचारलं, "हिला हितं कुनी बसवलं?"

"मी."

"घरची म्हून?"

मंडपात सगळे माझ्याकडे बघत होते.

"हो," मी म्हणालो.

चांगुणाबाईंना त्यांची खोली मिळाली, स्वयंपाकघर मिळालं. आणि मला मिळालं सत्यवचनी म्हणून नाव! तात्या चारचौघांत म्हणाले, "शिकल्याला मानूस, पन खरं बोलायला भ्याला न्हाई." परतीच्या गाडीत गाडीवानाने मला बसायला मऊ पेंढा टाकून दिला.

घरी आलो आणि कोट न काढता मूळ काच शोधली. फोटोच्या काचेवर सगळं उलट असतं. जे प्रिंटमध्ये काळं, ते काचेवर कोरं. जिथे उजेड पोचलाच नाही, तिथे नुसती पारदर्शक काच राहते. चारही कोपरे कोरे होते. डावा खालचाही. तिथे बाई नव्हती, घोंगडी नव्हती, पुसट डागसुद्धा नव्हता. जे काचेवर नाही ते कागदावर येत नाही, हे माझ्या धंद्यातलं पहिलं वाक्य आहे. ओल, धूर, नीट धुतलं न गेलेलं औषध, सगळं तपासून पाहिलं. जुने फोटो उडतात, चेहरे जातात. गेलेला चेहरा आलेला मी ऐकला नाही. पुण्याच्या एका जाणत्या फोटोग्राफरला विचारलं, तर तो म्हणाला, तुम्हीच विसरला असाल. मी म्हटलं, तसं असतं तर किती बरं झालं असतं!

सुगी झाल्यावर चांगुणाबाई भोरला आल्या. डोक्यावर आंबेमोहोर तांदळाचं गाठोडं. नको नको म्हणेपर्यंत त्यांनी ते आतल्या दारात ठेवलं.

"ती काच दावा की, मास्तर. जिच्यावरनं फोटू निघतो ती."

नाही म्हणायला कारण सुचलं नाही. काच त्यांच्या हातात दिली, कशी धरायची ते दाखवलं. त्यांनी ती खिडकीकडे धरली, आणि आपली जागा बरोबर शोधली. बोटाला सवय होतीच.

"हितं तर मी न्हाईच."

"नाही."

"तवा बी नव्हते?"

"तुम्ही होतात, वहिनी. पण तो कोपरा काळा येणार, हे मला..."

त्या माझ्याकडे वळल्या. काच अजून डोळ्यांसमोर होती, आणि त्या कोऱ्या कोपऱ्यातून त्या माझ्याकडे बघत होत्या. शांतपणे. कपडा विकत घेताना उजेडात धरून बघतात तसं.

"हितनं तुमी दिसताय, मास्तर," त्या म्हणाल्या. "लख्ख."

मग त्यांनी काच दोन्ही हातांनी जपून टेबलावर ठेवली, पाणी प्यायल्या, आणि गाडी चुकेल म्हणून निघाल्या.

जे घडलं त्याचा उलगडा मला आजतागायत झालेला नाही. कोणा वाचकाला होत असेल तर जरूर कळवावा. दुसरीही एक गोष्ट मला कळलेली नाही, ती मात्र कोणाला विचारता येत नाही. त्या दिवशी तो कोपरा काळाच राहिला असता, तर बैलगाडीतल्या त्या दोनपैकी कोणतं वाक्य मी बोललो असतो?

तांदूळ आमच्याकडे दर सुगीला येत राहिला. आंबेमोहोर शिजला की वास गल्लीच्या टोकापर्यंत जातो. शेजारी विचारतात, आज काय विशेष? मी काही सांगत नाही. पानावर बसतो आणि जेवतो.