डिपस्टिकवर चढत गेलेलं तेल

“डिझेलच्या टाकीला कुलूप बसवून द्या,” डॉक्टर इनामदार म्हणाले. “आजच्या आज.”

संगमनेरच्या बायपासला असलेल्या एका वर्कशॉपमध्ये मी सर्व्हिस मॅनेजर आहे. डॉक्टर इनामदार आमचे जुने कस्टमर. ते जनावरांचे डॉक्टर. संगमनेर आणि कोपरगावच्या मधल्या वस्त्यांवर त्यांची गाडी दिवसभर फिरते. कुठे गाय अडलेली असते, कुठे म्हशीने वैरण सोडलेली असते, कुठे अख्ख्या गोठ्याला लस द्यायची असते.

“डॉक्टर, टाकीच्या झाकणाला लॉक आहेच. किल्लीशिवाय उघडत नाही.”

“आणि किल्ली कुणाकडे असते?”

उत्तर माझ्या केबिनच्या काचेबाहेर उभं होतं. भाऊसाहेब, त्यांचा ड्रायव्हर. गाडीची आधीच स्वच्छ असलेली पुढची काच तो फडक्याने पुसत होता. आत काय बोलणं चाललंय ते त्याला कळलं असावं.

डॉक्टरांनी आवाज खाली आणला. “गाडी लिटरला चौदा देत होती. आता दहा देते. गाडी तीच, रस्ते तेच, ड्रायव्हर तोच. मग डिझेल जातं कुठे? महिनाअखेरीला त्याला सांगणार आहे, दुसरीकडे काम बघ म्हणून. तोवर कुलूप हवं.”

माझा स्वभाव हिशेबी आहे. घरचं विजेचं बिल वाढलं तरी मी आधी मीटर बघतो, मग घरच्यांना बोलतो. चौदाचे दहा झाले हा आकडा खरा असेल, पण तो चोरीचाच कशावरून? गाडी चढावर जास्त चालली, टायरमध्ये हवा कमी असली, डिझेल फवारणारा इंजेक्टर गळत असला तरी आकडा पडतो. मी म्हणालो, “कुलूप लावू. आधी गाडी बघू द्या.”

आमचे मालक तेवढ्यात दारावरून गेले. “अहो गाडेकर, गिऱ्हाईक कुलूप मागतंय तर कुलूप द्या की. तुम्हाला प्रत्येक गोष्टीत संशोधन करायचं असतं.”

मी बाहेर येऊन बॉनेट उघडलं. भाऊसाहेब लगेच पुढे आला आणि त्यानेच डिपस्टिक ओढून काढली. डिपस्टिक म्हणजे इंजिनमधलं ऑइल मोजायची पट्टी. तिच्यावर दोन खुणा असतात. ऑइल त्या दोन खुणांच्या मध्ये असावं लागतं.

“गाडी लई गुणाची हाय, सायेब,” तो म्हणाला. “लोकांच्या गाड्या आईल पित्यात. आपल्या गाडीत थेंबबी कमी हुत न्हाई. उलट चढतंय.”

मी पट्टी उजेडात धरली. ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर होतं.

“वरून कधी टाकलंस?”

“म्या? न्हाई बा. कमीच न्हाई झालं, तर टाकू कशाला?”

डॉक्टर वैतागले. “ऑइलचा इथे काय संबंध? तुमच्याकडूनच फुल सिंथेटिक टाकून घेतलंय. महाग पडतं, पण टिकतं म्हणून. बदलायला अजून निम्मे किलोमीटर बाकी आहेत.”

सिंथेटिक ऑइल टिकतं हे खरं आहे. साधं ऑइल खनिज तेलातून गाळून काढतात. खळ्यावरच्या धान्यात बारीक दाणे, जाड दाणे, थोडा कोंडा राहावा तसं ते असतं. सिंथेटिक कारखान्यात घडवलेलं असतं, त्यात सगळे कण जवळजवळ एका मापाचे. म्हणून ते उन्हाळ्यात पातळ होत नाही, भंडारदऱ्याच्या थंडीत गोठल्यासारखं होत नाही, लवकर जळत नाही. पण चाळलेलं धान्य कितीही चांगलं असलं तरी कणगीत पाणी शिरलं तर ते कुजतंच.

मी ऑइलचा थेंब दोन बोटांत चोळला. अंगठा नुसता घसरला, मऊपणा जाणवलाच नाही. नाकाशी नेला. मग बोट डॉक्टरांपुढे धरण्याआधी त्यांना एक विचारलं.

“डॉक्टर, गोठ्यावरून निघालेला दुधाचा कॅन डेअरीवर पोचेपर्यंत भरत गेला, तर तुम्ही काय म्हणाल?”

“पाणी घातलं म्हणेन. दुसरं काय?” ते म्हणाले. आमच्या भागात याचं उत्तर शाळेतलं पोरगंही देईल. मग ते थांबले. माझं बोट त्यांनी हुंगलं.

“डिझेल?”

“डिझेल.”

ते गर्रकन वळले. “भाऊसाहेब! तू डिझेल ऑइलमध्ये ओतलंस?”

भाऊसाहेबाने फडकं खांद्यावर टाकलं. “डॉक्टरसायेब, मघाशी म्हनला मी डिझेल चोरतो. आता म्हनता चोरून परत गाडीतच वतलं. मंग मी चोर का येडा, येक काय ते ठरवा.”

आमच्या नाना मिस्त्रीला हसू आवरेना, तो पाना शोधायच्या निमित्ताने पलीकडे गेला.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. नव्या डिझेल गाड्यांतून काळा धूर येत नाही. तो जातो कुठे? इंजिनच्या मागे सायलेन्सरच्या वाटेवर एक डबा असतो. त्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी चिनी मातीची जाळी असते. काजळी तिच्यात अडकते. जाळी भरत आली की गाडी स्वतःच ओळखते आणि ती जाळून साफ करायला घेते. त्यासाठी इंजिन नेहमीपेक्षा थोडं जास्तीचं डिझेल सोडतं. डबा सहाशे अंशांच्या आसपास तापतो, काजळीची राख होते. हे सगळं आपल्या पायांखाली, गाडी चालू असताना, कुणाला न सांगता घडतं. एवढी वर्षं या धंद्यात आहे, तरी रात्री हायवेवर गाडी चालवताना मला याचं नवल वाटतं. आपण मागच्या सीटवरच्या माणसाशी कांद्याच्या भावाबद्दल बोलत असतो आणि खाली एक भट्टी पेटलेली असते.

पण भट्टीचं काम पुरं व्हायला गाडी पंधरा-वीस मिनिटं सलग पळावी लागते. ती मध्येच थांबली तर ते जास्तीचं डिझेल जळत नाही. सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली ऑइलमध्ये उतरतं. पुढच्या वेळी पुन्हा तेच. ऑइल वाढत जातं, मालक खूश होतो, आणि ऑइल आतून पातळ होत राहतं. फारच वाढलं तर इंजिन ते ऑइलच इंधन म्हणून ओढायला लागतं. मग किल्ली काढली तरी ते बंद होईल याची खात्री नाही.

ऑइल काढायला लावलं. नानाने मापाच्या भांड्यात धरलं. मागच्या सर्व्हिसला आम्ही पाच लिटर भरलं होतं. निघालं जवळजवळ सहा. पाण्यासारखी धार.

डॉक्टरांनी भांड्याकडे बघून मला हवा होता तोच प्रश्न विचारला. त्याबद्दल मला त्यांचं कौतुक वाटलं. “हे एक लिटर सापडलं. पण माझा हिशेब एका लिटरचा नाही. बाकीचं?”

बरोबर होतं. एका लिटरवर भाऊसाहेब सुटत नव्हता.

मी स्कॅनर लावला. हे मोबाईलएवढं यंत्र गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलतं. इंजिन एकूण किती तास चाललं, त्यातले किती तास गाडी जागेवर उभी होती, जाळी साफ करायचा प्रयत्न किती वेळा झाला आणि किती वेळा अर्धवट राहिला, हे सगळं त्यात असतं. आकडे आले. इंजिन जेवढं चाललं होतं त्यातला निम्म्याहून जास्त वेळ गाडी उभीच होती. आणि सफाईचे जवळजवळ सगळे प्रयत्न पुढच्या वस्तीवर गाडी थांबल्यामुळे मध्येच तुटलेले.

“उभ्या गाडीत एसी लावून इंजिन चालू ठेवलं की तासाला साधारण लिटरभर डिझेल जातं,” मी म्हणालो. “किलोमीटर मात्र शून्य. ॲव्हरेज तिथे पडला. शिवाय दर सफाईला जास्तीचं डिझेल लागतं, ते वेगळंच. गाडी उभी असताना इंजिन कोण चालू ठेवतं?”

 भाऊसाहेबाने मागचा दरवाजा उघडला. आत लशीची थंड पेटी होती, तिची वायर गाडीच्या सॉकेटमध्ये.

डॉक्टरांनी पेटीच्या वायरला हात लावला. “मीच सांगितलंय,” ते म्हणाले. “उन्हाळ्यात एकदा लस खराब झाली. तेव्हापासून याला ताकीद आहे, मी गोठ्यात असेपर्यंत इंजिन बंद करायचं नाही. एसीपण नाही.”

“मी म्हनलो हुतो, डिझेल लई जातंय म्हनून,” भाऊसाहेब म्हणाला.

“म्हणाला होतास. आणि मला वाटलं, आधीच कारण तयार करून ठेवतोयस.”

एक काळजी उरली होती. इतक्या पातळ ऑइलवर इंजिन चाललं, तर आत काय उरलंय? खालचा चेंबर, म्हणजे ऑइलचं पातेलं, आम्ही उतरवलं. नानाने एका बेअरिंगची वाटी सोडवली. बेअरिंग म्हणजे फिरत्या दांड्याखालची उशी. दांडा मिनिटाला दोन-तीन हजार वेळा फिरतो, त्यावर सिलिंडरमधल्या प्रत्येक स्फोटाचा दाब येतो, पण दांडा आणि वाटी एकमेकांना शिवत नाहीत. मध्ये ऑइलचा पापुद्रा असतो. केसाच्या जाडीचा छोटासा अंश. सगळी गाडी, तिच्यातली माणसं, मागची औषधं, त्या पापुद्र्यावर तरंगतात.

मी वाटी पुसून टॉर्च धरला. राखाडी, मऊ चमक. एकही ओरखडा नाही. अर्धं डिझेल झालेल्या त्या ऑइलनेही शेवटपर्यंत पापुद्रा फाटू दिला नव्हता. “अर्धं” हा शब्द मी भावनेच्या भरात लिहिला, माप सहाव्या हिश्श्याचं होतं. पण ती वाटी मला खरंच खाली ठेववेना. डॉक्टरांनीही ती हातात घेतली, वासराचा दात बघावा तशी फिरवून बघितली आणि हळूच नानाच्या तळहातावर ठेवली.

मग ते भाऊसाहेबाकडे गेले. मालक, नाना, दोन कस्टमर, सगळे तिथेच होते. “भाऊसाहेब, माझं चुकलं. मी तुझ्यावर आळ घेतला.”

भाऊसाहेब लगेच विरघळला नाही. “आदी मला इचारायचं हुतं,” तो म्हणाला.

“हो.”

“तुमचा संशय मला दिसत हुता. घरी बायकोलाबी कळलं हुतं. तिनं दोन दिस नीट जेवान न्हाई केलं.”

“मी येतो घरी. तिलाही सांगतो.”

ते गेले. हे मला भाऊसाहेबानेच पुढे सांगितलं, आणि ‘चहा दोनदा घेतला’ हेही.

लशीच्या पेटीला आता वेगळी बॅटरी आहे. आठवड्यातून एकदा भाऊसाहेब गाडी नाशिक रस्त्याला सलग पळवून आणतो. ऑइल आम्ही त्या गाडीला पुस्तकात लिहिलंय त्याच्या निम्म्यावर बदलतो. तेच ऑइल घातलेली, रोज संगमनेर ते पुणे जाणारी दुसरी एक गाडी आमच्याकडे येते. तिचं ऑइल पुस्तकातला पूर्ण पल्ला गाठूनही बोटाला मऊ लागतं.

सिंथेटिक ऑइल किती किलोमीटरला बदलायचं, असं लोक मला विचारतात. पुस्तकातला आकडा मी सांगतो, त्याहून पुढे जाऊ नका म्हणतो, आणि वर्ष आधी संपलं तर वर्षाला बदला म्हणतो. मग विचारतो, गाडी चालू ठेवून उभी किती असते? बहुतेकांना हे माहीत नसतं. ज्यांनी ड्रायव्हर ठेवलाय त्यांना मी म्हणतो, त्याला विचारा. आणि तो सांगेल ते खरं धरा.