साडेनऊची उपासना

आमच्या चर्चच्या जुन्या सभाबुकात माझ्या हातचं एक वाक्य आहे. ‘वाडीच्या बंधुभगिनींना विचारून, सर्वांच्या संमतीने, रविवारची उपासना सकाळी साडेनऊ वाजता भरवण्याचे ठरले.’ मी तेव्हा सरकारी शाळेत मास्तर होतो आणि मंडळीचा चिटणीसही. आता चर्चच्या इतिहासाची पुस्तिका निघणार आहे आणि मंडळीतली पोरं हे वाक्य जसंच्या तसं छापणार होती. छापण्याआधी मला दाखवायला घेऊन आली, कारण त्या सभेला हजर असलेल्यांपैकी मी एकटाच उरलोय. मी म्हणालो, चार दिवस थांबा. वाक्य खोटं आहे. ते कसं लिहिलं गेलं ते सांगतो.

निजामाच्या अमलात आमच्याकडे आठवड्याची सुटी शुक्रवारी, जुम्म्याला असे. रविवारी कचेऱ्या चालू, शाळा चालू. त्यामुळे आमची उपासना तांबडं फुटताना भरायची. चर्च म्हणजे मिशनच्या जुन्या दवाखान्याची एक लांब खोली. वर पत्रे, खाली सतरंज्या, डावीकडे पुरुष, उजवीकडे बाया, मध्ये एक कंदील. घंटा नव्हती. बाहेरच्या लिंबाला रुळाचा तुकडा टांगलेला होता, तो पाळकसाहेब स्वतः हातोडीने वाजवायचे. शेजारच्या कापसाच्या जिनिंग मिलचा चौकीदार त्या आवाजाने उठायचा आणि दुसऱ्या दिवशी भेटला की म्हणायचा, ‘तुमच्या देवाला झोप नाही का हो?’

गावातली आमची घरं थोडी. रेल्वेतले दोघं, दवाखान्यातला कंपाउंडर, आम्ही मास्तरलोक. खोली भरायची ती देवगाव फाट्याच्या रस्त्यावर कोसभर असलेल्या वाडीच्या लोकांनी. अकरा घरं होती. सगळी शेतमजूर, कुणी सालगडी. अंधारात निघून यायची. बायांच्या पदराला मुठीचं धान्य बांधलेलं असे. रोज चुलीपुढे बसताना एक मूठ ज्वारी बाजूला गाडग्यात टाकायची आणि रविवारी ती देवापुढे आणायची, अशी रीत होती. दारापाशी एक डालगं ठेवलेलं असे, त्यात ती ओतली की पावसाच्या सरीसारखा बारीक आवाज व्हायचा.

आमच्याकडे पेटी नव्हती. गाणं धरायची ती वाडीची एक बाई. चाळिशीपुढची, उंच, कपाळ रुंद. अक्षर एक येत नव्हतं, पण साठसत्तर गीतं सगळ्या कडव्यांनिशी पाठ. पाळकसाहेब गीताची पहिली ओळ वाचायचे, ती डोळे मिटून क्षणभर थांबायची आणि सूर लावायची. मग हातातला टाळ वाजायचा आणि सगळे मागून यायचे. मी नेहमी उशिरा पोचायचो. नवीन लग्न झालेलं. ती दारातच मला गाठायची.

‘सलाम मास्तर. बाईनं उठिवलंच न्हाई का आज?’

बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. मी मान खाली घालून पुरुषांत जाऊन बसायचो.

शेवटचं आमेन होईतो दिवस कासराभर वर यायला लागलेला असे. त्या वेळी वाडीच्या लोकांना मालकाच्या शेतावर हजर व्हावं लागे. म्हणून आशीर्वाद संपता संपता वाडी उठायची आणि जवळजवळ पळत निघायची. आम्हाला शाळेला वेळ असे, आम्ही रेंगाळायचो.

पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला आणि थोड्याच दिवसांत सुटी रविवारची झाली. आम्हाला काय आनंद झाला! कंपाउंडर म्हणाला, ‘प्रभू पहाटे उठला तो एकदा, पुनरुत्थानाच्या दिवशी. आम्हाला वर्षातनं बावन्न वेळा उठवताय पाळकसाहेब.’ सगळ्यांनी मनावर घेतलं. उपासना साडेनऊला भरवावी, नंतर चहा व्हावा, मुलांची शब्बाथशाळा निवांत चालावी, एखादी पेटी घ्यावी. पाळकसाहेब ऐकून घेत होते. मग म्हणाले, ‘वाडीचं काय? त्यांचा इतवार काही सुटीचा नाही.’

ते मला म्हणाले, ‘रविवारी त्या लोकांना बोलायला सवड नसते. तुम्ही शनिवारी सांजच्याला वाडीला जा. बसा, पाणी प्या आणि विचारा. ते नको म्हणाले तर विषय संपला.’

मी हो म्हणालो. शनिवारी सायकल पंक्चर होती, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. पंक्चर होती हे खरं. पण कोसभर वाट काही चालवत नाही अशी नव्हती, आणि पंक्चर काढणारा स्टेशनासमोर बसलेला असायचा. मी त्याच्या शेजारच्या हॉटेलात वर्तमानपत्र वाचत दिवेलागणीपर्यंत बसलो. मला उत्तर माहीत होतं, म्हणून मी विचारायला गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी उपासनेनंतर पंचांची सभा बसली, तोवर वाडी निघून गेली होती. पाळकसाहेबांनी विचारलं, ‘काय म्हणाले?’

‘हरकत नाही म्हणाले,’ मी म्हणालो.

‘सगळे?’

‘सगळे.’

त्यांना आश्चर्य वाटलं असावं, पण मास्तर खोटं बोलेल असं त्यांच्या मनात आलं नाही. मी बुक उघडलं आणि ते वाक्य लिहिलं.

पुढच्या रविवारी त्यांनी कंदिलाच्या उजेडात जाहीर केलं की, येत्या आठवड्यापासून उपासना साडेनऊला, वाडीच्या मंडळींनी समजूतदारपणे संमती दिली त्याबद्दल देवाचे आभार. बायांच्या बाजूला कुजबुज झाली. वाडीचे पुरुष एकमेकांकडे बघायला लागले. त्या दिवशी वाडी पळाली नाही. ती बाई दारात माझ्यापाशी थांबली.

‘मास्तर, तुमी वाडीला कवा आल्ते?’

‘शनिवारी. सांजच्याला.’

‘कोण घावलं तुमाला?’

‘होते दोघंतिघं पुरुष. नावं ध्यानात नाहीत.’

‘आमच्या घरचं होतं का कोणी?’

‘असेल,’ मी म्हणालो. ‘तुमचे दीर असतील.’

तिचा दीर पलीकडेच चपला घालत होता. मी आवाज खाली आणून बोललो होतो. तिने त्याच्याकडे एकदा बघितलं. ‘बरं,’ म्हणाली आणि निघाली. घरातल्या गोष्टीची चर्चमध्ये वाच्यता करायची नाही, अशी तिची रीत होती.

साडेनऊची उपासना छान होती. हे लपवत नाही. खिडक्यांतून ऊन यायचं, इस्त्रीचे कपडे, बायकोने माळलेला गजरा. वर्षभरात पेटीही आली आणि मीच ती वाजवायला शिकलो. नंतर लिंबाखाली चहा व्हायचा आणि स्टेशनवरचा मालगाडीचा डबा कुणी कसा सोडला याच्या गप्पा दुपारपर्यंत चालायच्या. सुखाचे रविवार होते ते, आणि माझी मुलं त्यांतच वाढली.

वाडीची ती बाई दोन रविवार आली. तिसऱ्या रविवारी मालकाने सांगितलं, अर्ध्या दिवसाचं माणूस नको, यायचं तर कासराभर दिवसाला ये, नाहीतर येऊच नको. मग ती आली नाही. हळूहळू कुणीच येईना. नाताळाला येत तेवढे. दारातलं डालगं रिकामं राहायला लागलं, मग ते कुणीतरी कोळशाला नेलं. पाळकसाहेबांची बदली झाली. नवे आले, त्यांनी यादी पाहिली आणि विचारलं, ‘ही अकरा घरं?’ मी सांगितलं, ‘थंडावली.’ त्यांनी नावं कमी करायला सांगितली. अकरा घरांच्या नावांवर रेघ मी ओढली आणि पुढे लिहिलं, ‘विश्वासात थंडावल्यामुळे.’ पुस्तिकेत तेही येणार होतं.

त्यानंतर एकदा, साठ सालाच्या आसपास, मी सायकलवरून पहाटे फाट्याकडे निघालो होतो. पुढे एसटी धरायची होती. वाडीजवळ टाळ ऐकू आला. सायकल उभी करून मी बांधाच्या अलीकडे थांबलो. वाडीतल्या एका लिंबाखाली पंधरावीस माणसं बसली होती. कंदील होता. पाळक नव्हता, वाचायला कुणी नव्हतं. त्या बाईने डोळे मिटले होते की नाही ते दिसलं नाही, पण ती थांबली ते कळलं, आणि मग सूर लागला. मी गाणं संपायच्या आत निघून आलो. तो रविवार होता. थंडावले म्हणून लिहिलेलं खोडायला मला अजून वेळ होता. मी खोडलं नाही, कारण ते खोडलं तर आधीचं वाक्यही खोडावं लागलं असतं.

परवा नातवाला म्हणालो, मला वाडीला ने. ती बाई जाऊन खूप वर्षं झाली. तिची सून आहे, आता सत्तरीची. मी कोण ते सांगितल्यावर तिने बाज टाकली.

‘तुमीच का ते मास्तर? सासूबाई तुमचं लय सांगायच्या. मास्तर आल्ते, पर आमी समदे शेतात, कोणी घावलं न्हाई त्यान्ला, मंग काय करतील बिचारे, असं म्हणायच्या.’

‘तसं म्हणायच्या?’

‘शेवटच्या दिसांत म्हणायच्या. आधी लय वर्सं चुलत सासऱ्याला बोलत नव्हत्या. तू हो म्हणलास म्हणून आपलं चर्च गेलं, असं. त्यो देवाची शपथ घ्यायचा, न्हाई म्हणून. दोन चुली येका भिंतीला, पर इस्तू मागत नव्हत्या.’

मी तिला सांगितलं. मी आलोच नव्हतो. हॉटेलात बसलो होतो. दिराचं नाव मीच घेतलं होतं. नातू बाजूला उभा होता, त्याने मान वळवली.

तिने शेजारच्या घराकडे बघितलं. मग म्हणाली, ‘मंग चुलत सासरा खरंच बोलत होता म्हणा की. त्याच्या पोराला सांगावं लागंल.’

‘मी सांगतो,’ मी म्हणालो.

‘तुमीच सांगा. शेजारीच हाय.’

तो घरी होता. त्यालाही सांगितलं. तो आत गेला आणि बाहेर आला नाही. मी परत बाजेवर येऊन बसलो. सुनेने चहा आणला होता, तो निवला होता.

‘तुमचं चर्च आता किती वाजता भरतंय?’ तिने विचारलं.

‘साडेनऊ.’

‘आमचं तांबडं फुटतानाच.’

पुस्तिकेसाठी मी दोन्ही वाक्यांच्या जागी नवी लिहून दिली आहेत. वाडीला कुणी विचारलं नव्हतं. वाडी थंडावली नव्हती. खाली माझं नाव घाला, असं पोरांना सांगितलं आहे.