बाजाराचा यादवकाळ

नव्वदच्या दशकात मी जालन्यात एम.फिल. करत होते. विषय होता कुंभार पिंपळगावचा आठवडी बाजार. पहिल्याच प्रकरणात मी लिहिलं, हा बाजार यादवकाळापासून भरतो. आधार दिला होता इथल्याच एका साप्ताहिकातल्या लेखाचा. लेख माझ्या काकांचा, त्यामुळे शंका घ्यायचं मनातही आलं नाही.

मार्गदर्शक सरांनी त्यावर लाल रेघ मारली. "मॅडम, पेपर शेंगदाणे बांधायला असतो. संशोधनाला विद्वानाचा आधार लागतो."

मी ग्रंथालयात बसू लागले. शेवटी जाड पुठ्ठ्याच्या एका संशोधनपत्रिकेत तेच वाक्य सापडलं. फक्त तिथं बाजार भरत नव्हता, 'भरत असल्याचे निदर्शनास येते' होतं. लेखक दुसऱ्या कॉलेजातले प्राध्यापक.

"आता कसं वजन आलं," सर म्हणाले.

घरी येऊन मी त्या लेखाची तळटीप वाचली. प्राध्यापकांचा आधार होता माझ्या काकांचा लेख.

काका नवीन जालन्यात बियाण्यांच्या दुकानात कामाला होते, हौसेनं लिहायचे. मी विचारलं, "काका, यादवकाळ कुठून आणला?"

बशीत चहा ओतत ते म्हणाले, "संपादक म्हणला, जागा मोकळी राह्यली, जल्दी दोन ओळी वाढवा. मंग टाकून दिलं. कुणी वाचत असंल असं वाटलं न्हाई."

"एका प्राध्यापकांनी वाचलंय. तुमचा आधार घेतलाय."

काकांचा चेहरा उजळला. "नाव बराबर छापलं ना माझं?"

हे सगळं मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "काका विद्वान नाहीत, हे खरं. पण प्राध्यापक विद्वान आहेत, आणि त्यांनी काकांना मानलंय. वाक्य राहू द्या."

मी ते काढलं. त्या जागी लिहिलं, बाजार कधी सुरू झाला याचा पुरावा मिळाला नाही.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. "हे तर छापलेलं आहे. तुम्हाला मिळालं नाही?"

"मिळालं सर. पण मूळ लेखकालाच विचारलं, तर त्यांनी ते जागा भरायला लिहिलं होतं."

सर पंख्याकडे बघू लागले. परीक्षकांनी पत्रिकेचं नाव विचारलं. मी सांगितलं.

"तिच्या सल्लागार मंडळावर मी आहे," ते म्हणाले, आणि पुढचा प्रश्न भाजीच्या भावाचा निघाला.

पदवी मिळाली. शेरा होता, संदर्भसूची तोकडी आहे. मला त्याचं वाईट वाटलं नाही. उरलेल्या लेखकांनाही गाठून विचारता आलं असतं, तर ती आणखी तोकडी झाली असती.